डब्यातला अधिकारभेद

मासिकाची घडी दोन तऱ्हांनी घालतात. एक सोयीची. डब्यात गर्दी आहे, एक हात कडीला अडकला आहे, तेव्हा वाचायचं पान वर ठेवून उरलेला अंक मागे वळवायचा. दुसरी घडी लाजेची. तिच्यात मुखपृष्ठ आत जातं आणि बाहेर राहते ती करड्या कागदावरची बारीक छपाई, जी समोरच्या बाकावरून ओळखू येत नाही. दिल्लीत ‘मनोहर कहानियाँ’, ‘सरस सलिल’ किंवा मेरठची जासूसी कादंबरी घेऊन निघालेल्या वाचकाला ही दुसरी घडी कुणी शिकवावी लागत नाही. गाझियाबाद, पलवल, पानिपतहून मासिक पासावर येणाऱ्यांच्या गाडीत तिची फारशी गरजही पडत नाही. तिथे पत्त्यांचे डाव पडलेले असतात, आणि शेजाऱ्याच्या अंकातली गोष्ट त्याच्या खांद्यावरून वाचून पुरी करणं हा जवळपास हक्कच असतो. गरज पडते ती मेट्रोत, जिथे लांब बाकांवर माणसं समोरासमोर बसतात आणि भुयारात खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नसल्यामुळे एकमेकांना न्याहाळतात. न्याहाळणाऱ्याच्या हातात इंग्रजी पुस्तक असलं की ती नजर खालच्या अंकावर जरा जास्त वेळ टेकते. या नजरेला आपण अभिरुची म्हणतो. मला ती अभिरुची वाटत नाही. आपल्या धर्मविचारात हजारेक वर्षं वाद घालून जो अधिकारभेद आपण मोडीत काढला असं मानतो, तोच इथे तिकीट काढून बसला आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि म्हणून या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीचा निवाडा वाङ्मयसमीक्षेपेक्षा धर्मविचारात शोधायला हवा.

आधी या छपाईची कुळकथा पाहू, कारण तिरस्काराला नेहमी कुळाचाच आधार लागतो. रेल्वेच्या फलाटावर पुस्तकं विकणारी ए. एच. व्हीलर ही कंपनी १८७७ साली अलाहाबादेत निघाली. तिनेच १८८८ मध्ये ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ या मालेत एका तरुण पत्रकाराच्या गोष्टींच्या सहा पुस्तिका एकेका रुपयाला काढल्या. प्रवासात वाचावं आणि उतरताना सीटवर टाकून जावं, अशा प्रतीचा तो माल. त्या पत्रकाराचं नाव रुडयार्ड किपलिंग. १९०७ मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि फलाटावरचा माल कपाटात गेला. दिल्लीच्या शाहदऱ्यात दीनानाथ मल्होत्रांनी १९५८ च्या सुमारास हिंद पॉकेट बुक्स सुरू करून हिंदी पुस्तक एका रुपयात आणलं, आणि गुलशन नंदांच्या कादंबऱ्या लाखांनी खपल्या. मेरठ तर आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचाच भाग आहे. तिथल्या वेदप्रकाश शर्मांची ‘वर्दी वाला गुंडा’ स्टेशनोस्टेशनी पोहोचली. सुरेंद्र मोहन पाठक दिल्लीत टेलिफोनच्या सरकारी कंपनीत नोकरी करत कादंबऱ्या लिहीत. या सगळ्या लेखनाला हिंदीत एक नाव आहे, ‘लुगदी’. आपण ज्याला कागदाचा लगदा म्हणतो तो. निवाडा कागदावर झाला आणि तो लेखकाला, मग वाचकाला चिकटला. गंमत अशी की पाठकांची पुस्तकं पुढे इंग्रजीतल्या बड्या प्रकाशनसंस्थांच्या हिंदी विभागांनी काढली, हिंद पॉकेट बुक्स २०१८ मध्ये पेंग्विन रँडम हाउसकडे गेली. गोष्टी त्याच, कागद पांढरा झाला. लाजेची घडी घालायचं कारण उरलं नाही. जी अपवित्रता कागद बदलल्यावर जाते ती मजकुरात कधी नव्हतीच, एवढं तरी यातून निघतंच.

मराठी माणसाला दिल्लीच्या जुन्या बुकस्टॉलवर याहून मोठा धक्का बसण्याची सोय होती. तिथे ‘सत्यकथा’ नावाचं मासिक लटकलेलं असे, मुखपृष्ठावर भेदरलेली बाई आणि आत खून, अपहरण, प्रेमप्रकरणाचा शेवट. आणि आपली ‘सत्यकथा’ म्हणजे मौजेची. १९३३ ते १९८२ पर्यंत जिच्यात कथा छापून आली म्हणजे लेखकाची मुंज लागली असं समजत, ती. नाव एकच. एक हातात दिसावं म्हणून धरलेलं, दुसरं दिसू नये म्हणून दुमडलेलं. पण १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या लघुनियतकालिकवाल्या मित्रांनी होळी केली ती कुठल्या चावट अंकाची नव्हे, मौजेच्या ‘सत्यकथे’ची. त्यांचा राग गोष्टी वाईट असण्यावर नव्हता. कुणी लिहावं आणि वाङ्मय कशाला म्हणावं हे एक दार ठरवतं, यावर होता. दार चांगलं होतं, आतली बैठक उत्तम होती, हेही खरंच आहे. तरी दार ते दारच.

आता मूळ शब्दाकडे येतो. आपल्याकडे शास्त्रग्रंथ सुरू होतो तोच चार गोष्टी सांगून: विषय काय, प्रयोजन काय, ग्रंथाचा विषयाशी संबंध काय आणि अधिकारी कोण. यातला अधिकारी हा शब्द मुळात वाईट नाही. वेदान्त शिकू पाहणाऱ्याकडे विवेक, वैराग्य, शमदमादी गुण आणि मुमुक्षा हवी असं म्हणणं म्हणजे तयारीबद्दल बोलणं आहे. गणिताच्या मास्तरांनी आधी पाढे येतात का विचारावं, तसं. पण ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या अपशूद्राधिकरणात तोच शब्द जन्माला बांधला गेला. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं आणि लाख ओतण्याचं स्मृतिवचन शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात उद्धृत करतात, आणि त्याच दमात विदुर आणि धर्मव्याध यांचं ज्ञान पूर्वसंस्काराच्या खात्यावर टाकून वाट काढतात. इतिहास-पुराणांवर मात्र चारही वर्णांचा अधिकार आहे, हेही मान्य करतात. म्हणजे ग्रंथांची प्रतवारी आणि माणसांची प्रतवारी एकमेकींत गुंफली गेली: वरच्यांना वरचे ग्रंथ, खालच्यांना गोष्टी. मेट्रोतली नजर हेच गणित उलट्या बाजूने सोडवते. तेव्हा माणूस पाहून ग्रंथ ठरत असे, आता अंक पाहून माणूस ठरतो. समीकरण बदललेलं नाही, अज्ञात राशी तेवढी इकडची तिकडे गेली आहे.

या समीकरणाला मराठीत फार पूर्वी उत्तर दिलं गेलंय आणि ते आपण शाळेपासून पाठ करत आलो आहोत, म्हणून कदाचित ऐकू येईनासं झालं असावं. ज्ञानेश्वर अठराव्या अध्यायात वेदाला संपन्न म्हणतात आणि लगेच कृपणही म्हणतात, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. ती उणीव भरून काढायला तो गीतेच्या रूपाने सर्वांपुढे आला. इतक्या आदराने इतकी कडक टीका क्वचितच झाली असेल. महानुभावांचे नागदेवाचार्य आपल्या विद्वान शिष्यांना संस्कृताचा आग्रह सोडायला लावतात, कारण तसं लिहिलं तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या वंचित राहतील. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या त्या अभंग वाईट होते म्हणून नव्हे, लिहिणाऱ्याला अधिकार नव्हता म्हणून. संतांनी ग्रंथाची पातळी खाली आणली असं कुणी म्हटलं तर तो ज्ञानेश्वरी न वाचता बोलत आहे. तो ग्रंथ अवघडच आहे. त्यांनी एकच गोष्ट केली: दारात उभं राहून येणाऱ्याची कुळी विचारणं बंद केलं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप बाहेरून येत नाही, उपनिषदातूनच येतो. छांदोग्याच्या सातव्या अध्यायात म्हटलंय की आहार शुद्ध असेल तर सत्त्व शुद्ध होतं, सत्त्व शुद्ध झालं की स्मृती स्थिर होते आणि मग गाठी सुटतात. रामानुजांच्या परंपरेत आहार म्हणजे ताटातलं अन्न. शंकराचार्य मात्र शब्दाची फोड करून सांगतात: जे आत घेतलं जातं ते सगळं आहार, शब्द, रूप वगैरे विषयांचं जे ज्ञान भोक्ता आत ओढतो तेही. या अर्थाने वाचन हा आहारच झाला, नव्हे, पासधारकाचा तर रोजचा दोन वेळचा आहार झाला. मग खुनाच्या आणि व्यभिचाराच्या गोष्टींवर पोसलेल्या मनाचं सत्त्व कसलं शुद्ध होणार? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. जे रोज वाचावं ते मनात मुरतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पण आचार्यांचं पुढचं वाक्य बघावं. आहाराची शुद्धी म्हणजे काय? राग, द्वेष आणि मोह या दोषांचा स्पर्श न झालेलं विषयांचं ज्ञान. शुद्धी त्यांनी पदार्थात ठेवली नाही, घेण्याच्या रीतीत ठेवली. हे ध्यानात घेतलं की डब्यातलं चित्र पालटतं. दमून घरी निघालेला गडी जासूसी कादंबरीत खुनी कोण ते शोधतो आहे; त्यात मोह असेल, थोडा राग म्हणजे आसक्तीही असेल. समोरचा एक गंभीर ग्रंथ उघडून बसला आहे, दहा मिनिटांत त्याचं पान उलटलेलं नाही, आणि त्याच्या डोळ्यांतून जे आत चाललंय ते शेजाऱ्याबद्दलच्या तुच्छतेने माखलेलं आहे. आचार्यांच्या कसोटीवर अशुद्ध आहार कोणाचा? निदान दोघांचा म्हणावा लागेल, आणि द्वेषाचा डाग मोहापेक्षा फिका असतो असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

कोणत्या वाचनाने कोण बिघडतं हे ठरवायचं कुणी, या प्रश्नाची एक मराठी तपासणी दिल्लीतच झालेली आहे, सर्वोच्च न्यायालयात. ‘रंभा’ या मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली: निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया. अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने लेखकाला सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला, आणि ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. एकच गोष्ट, कायद्याच्या एकाच कलमाखाली तीनदा वाचली गेली आणि दोन निकाल लागले. वाचणारे सगळे न्यायाधीश, म्हणजे अधिकारी पुरुष. निकालातला एक मुद्दा आपल्या विषयाच्या वर्मावर येतो. अश्लीलतेच्याच आधीच्या उदेशी खटल्याचा दाखला देऊन न्यायालय म्हणालं की कामभावनेचा नुसता उल्लेख अश्लील ठरवला तर निव्वळ धार्मिक पुस्तकांवाचून दुसरं काही विकताच येणार नाही. न्यायमूर्तींना मनाने मान देऊनही इथे थोडं हसू येतं. निव्वळ धार्मिक पुस्तकं तरी त्या चाळणीतून कुठे पार पडतात? पुराणांतल्या अप्सरा, ‘गीतगोविंद’, अमृतमंथनानंतरची मोहिनी. यातलं काय काय फलाटावर उलगडायची हिंमत होईल? पण तिथे आपण शेजाऱ्याच्या मनावरच्या परिणामाची काळजी करत नाही, कारण मुखपृष्ठावर देवाचं नाव असतं. तुच्छतावादी म्हणेल, मी कुठे खटला भरतोय, मी नुसतं बघतोय. बरोबर. म्हणून तर त्याचं काम स्वस्तात होतं. अंक निघाल्यापासून अंतिम निकालापर्यंत जवळपास सात वर्षं गेली आणि आरोपी सुटला. नजरेला दोन स्थानकं पुरतात आणि आरोपी स्वतःच अंक दुमडतो.

मग काय, सगळं लेखन सारखंच म्हणायचं? मुळीच नाही, आणि इथे मला संदिग्ध राहायचं नाही. गुन्हेकथांच्या मासिकांत बाईचा खून पुष्कळदा चाटूनपुसून सांगितलेला असतो, मेलेलीच्या चारित्र्याची उठाठेव मारणाऱ्याच्या हेतूपेक्षा लांब चालते, आणि भाषा सरकारी पंचनाम्याइतकी निर्जीव असते. हे वाईट लेखन आहे आणि तसं म्हटलं पाहिजे. पण ते म्हणायला ते वाचावं लागतं. न वाचता मुखपृष्ठावरून केलेली निंदा ही समीक्षा नव्हे, शिवाशिव आहे. तिच्यात स्पर्श टाळण्याची घाई असते, परीक्षेचा वेळ नसतो. वाचलं तर काही अडचणीच्या गोष्टीही दिसतात. ज्या दिल्ली प्रेस या प्रकाशनगृहाच्या मासिकांना ‘बायकांची’ आणि ‘खालच्या लोकांची’ म्हणून सुशिक्षित घरं नाक मुरडत आली, त्याच घराची ‘सरिता’, १९४५ साली निघालेली, पंडेगिरी, हुंडा, पोथीनिष्ठा यांवर दशकानुदशकं असे लेख छापत आली की त्यापायी तिला कोर्टात उभं राहावं लागलं. ‘गृहशोभिका’ मराठी घरांत येते ती याच घरातून. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांमुळे किती मराठी पोरांना वाचायची चटक लागली हे पुढे नामवंत झालेल्यांच्या आठवणींतूनच कळतं. अर्थात अर्नाळकर हे पुढच्या चांगल्या वाचनाची शिडी होते म्हणून क्षम्य, हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. त्यात पुन्हा पायऱ्या आल्याच. दिवसभर मान मोडून काम केलेल्या माणसाला चाळीस मिनिटं कुणाचा तरी खुनी शोधत रमावंसं वाटणं, याला शिडीचं प्रमाणपत्र लागू नये.

तुच्छतेची दिशाही ठरावीक नाही, हे तिच्या पोकळपणाचं आणखी एक प्रमाण. गोरखपूरच्या गीता प्रेसची स्थापना १९२३ ची, ‘कल्याण’ मासिक १९२६ चं. स्टेशनांवर त्यांचे स्टॉल असतात. मेट्रोच्या बायकांच्या डब्यात सुंदरकांडाची पुस्तिका ओठ हलवत वाचणारी बाई आणि तिच्याकडे बघून किंचित हसणारी दुसरी, हेही दृश्य त्याच जातीचं. तिथे हिणवलं जातं ते श्रद्धेला. उद्या वारं फिरलं तर हिणवणं नास्तिकाच्या वाट्याला येईल. ज्याचा विषय असा पाहिजे तेव्हा बदलतो, त्याचं मूळ विषयात असूच शकत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी आहे, तिच्यात पहिलं नाव दंभाचं आहे. काम-क्रोध मागून येतात. आणि तेराव्या अध्यायातल्या ‘अदंभित्वा’वर लिहिताना ज्ञानेश्वर लोभ्याची उपमा देतात: जीव गेला तरी पुरलेला ठेवा तो दाखवत नाही, तसं आपलं सुकृत लपवावं. लपवणं इथेही आहे आणि लाजेच्या घडीतही आहे. पण एक लपवतो कारण त्याला कुणाला काही सांगायचं नाही, दुसरा लपवतो कारण त्याला आधीच सांगून टाकलंय की तू कोण. या दोघांच्या मधे तिसरा बसला आहे, ज्याच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पुऱ्या डब्याकडे तोंड करून आहे.

आता कुणी म्हणेल, तुम्ही गेल्या पिढीतल्या गोष्टी सांगता. डब्यात आता मासिकं आहेत कुठे? सगळे फोनमध्ये. हे खरं आहे, आणि फोनने एक उपकार केला आहे: त्याला मुखपृष्ठ नाही. पूर्वी पुस्तकाला वर्तमानपत्राचं वेष्टन घालत, ते काम आता काळ्या काचेने पत्करलं. अंगठा सरकवणारा माणूस हरिपाठ वाचतोय, क्रमशः चालणारी प्रेमकथा वाचतोय की सासूचा निरोप, कळायला मार्ग नाही. पण अधिकारभेद इतक्या सहज हटत नाही. मजकूर दिसेना, तर त्याने छापील कागदालाच सोवळं केलं. पुस्तक हातात असणारा वाचक, फोन हातात असणारा वाया गेलेला. २०१७ मध्ये दिल्ली मेट्रोच्या डब्यांत आणि स्थानकांवर कुणीही घ्यावीत म्हणून पुस्तकं सोडण्याची एक मोहीम सुरू झाली. सीटवर ठेवलेलं पुस्तक कोण उचलणार हे ठेवणाऱ्याला ठाऊक नसतं; अधिकारी कोण, हा प्रश्नच तिथे विचारता येत नाही. मला यात संतांच्या रीतीचा अंश दिसतो, आणि त्या पुस्तकासह काढलेल्या छायाचित्रात तो पुसट होताना दिसतो.

शेवटी पुन्हा दिल्लीकडे आणि गाडीकडे येतो. दिल्लीत मराठी साहित्य संमेलन भरलं ते दोनदा. १९५४ मध्ये अध्यक्ष होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, ज्यांनी शास्त्राच्याच आधाराने अस्पृश्यतेविरुद्ध युक्तिवाद केले. २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर ते पुन्हा भरलं, तेव्हा पुण्याहून वाचक-लेखकांना घेऊन एक खास गाडी आली, महादजी शिंद्यांच्या नावाची, आणि धावत्या डब्यांतच संमेलन चाललं. त्या वर्षीच्या अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर यांचा जन्म गेला तो लोकसाहित्याच्या अभ्यासात, जात्यावरच्या ओव्यांत, बायकांनी पिढ्यान्पिढ्या रचलेल्या आणि कुणी छापण्याजोग्या न मानलेल्या वाणीत. त्या ओव्या रचणाऱ्या बहुतेकींना अक्षर येत नव्हतं. त्यांच्या हातात दाखवायला किंवा दुमडायला काही नव्हतं. हात जात्याच्या खुंट्यावर होते.